किंकाळी माझीच होती

३ नोव्हेंबर, सोमवार. सकाळी ६.४०
नवी डायरी, आणि पहिलीच नोंद ऐतिहासिक. 'बारवेतली बाई' पुन्हा बनते आहे. रीमेक. मुंबईची कंपनी, मोठा कॅमेरा, सगळं रीतसर.

ही डायरी कुणी वाचणार नाही, तरी इतिहास नीट लिहून ठेवलेला बरा. मूळ 'बारवेतली बाई' १९९६ साली नजीरने त्याच्या लग्नं शूट करायच्या कॅमेऱ्यावर काढली. निफाडकडच्या एका मळ्यातली पायऱ्यांची जुनी विहीर. तिच्यात बुडून मेलेली नवरी. हिरवी पैठणी, मोकळे केस, मळ्यात पाऊल टाकेल त्याला धरते. बाईचं काम करणारी मुलगी ऐनवेळी अमावास्या म्हणून आलीच नाही. मी तेव्हा पाटबंधारे खात्यात क्लार्क. अंगाने काटकुळा, मान लांब. नजीरने माझ्याकडे पाहिलं. त्यानंतर तीन महिने दर शनिवारी केबलवर अख्ख्या सिडकोने मलाच पाहिलं.

आणि ती किंकाळी. शेवटी बाई बारवेत कोसळते तेव्हाची. हल्ली ती रीलवर फिरते आहे. कुणाचं मांजर कपाटावरून पडलं तरी पोरं मागे तीच लावतात. म्हणून तर रीमेक. लोक अजून विचारतात, नवनाथराव, कशी हो मारलीत? मी म्हणतो, बेंबीच्या देठापासून.

ही बातमी मला नजीरने दिली नाही. झुंबरने दिली, केस कापताना. म्हणजे नजीरने कागदावर सही केली, कंपनीचा चहा प्यायला, आणि तीस वर्षांच्या दोस्ताला एक फोन नाही. कापायला केसही फारसे नव्हते, तरी पूर्ण वेळ मान खाली घालून बसावं लागलं.

संकल्प: मिसळ बंद. पोट आत. किंकाळीचा रियाज रोज.

५ नोव्हेंबर
नजीरला फोन करायचा नाही. त्याची त्यालाच लाज वाटू दे.

दुपारी ३: केला. म्हणाला, यार, सांगणारच होतो. दिग्दर्शक कोणी तेजल म्हणून आहे, मुलीच्या वयाची. ती घरी येऊन भेटणार आहे. अर्थातच. ताजमहाल दुरुस्त करायचा तर आधी शहाजहानला विचारणार ना.

७ नोव्हेंबर
बाथरूममध्ये रियाज. वरच्या मजल्यावरची साक्षी गॅसचा पाना घेऊन धावत आली. तिला वाटलं सिलिंडर. हिने दार उघडून सांगितलं की तसं काही नाही, हे गात आहेत.

९ नोव्हेंबर, रविवार
उपाय सापडला. गोल्फ क्लबच्या मैदानावरच्या हास्यक्लबात नाव घातलं. तिथे तोंड उघडून काहीही केलं तरी चालतं.

११ नोव्हेंबर
चालत नाही. हास्यक्लबातून काढलं. माझ्या शेजारचे निवृत्त प्राचार्य खाली बसले आणि बराच वेळ उठेनात. याचा अर्थ गळा अजून तयार आहे. येताना मिसळ खाल्ली, आनंदाप्रीत्यर्थ.

१२ नोव्हेंबर
तेजलचा फोन. तिने दोनदा विचारलं, काकू घरी असतील ना? त्या असतील तेव्हाच येते. मुंबईची असून संस्कार आहेत. बाईमाणसाशिवाय परक्या घरी जायचं नाही, हे आजकाल कोण पाळतं?

१५ नोव्हेंबर, शनिवार
ही भाजीला गेली तेव्हा कपाट उघडलं. पैठणी वरच्या कप्प्यात, मलमलीच्या फडक्यात, लवंगा घालून. तीच. जिच्यात मी अजरामर झालो.

खरं तर ती हिच्या लग्नातली. येवल्याच्या सासऱ्यांनी, हिच्या दादांनी, स्वतः मागावर बसून विणलेली. हे ही अधूनमधून सांगते. पण ते निमित्त. ९६ नंतर ही साडी ती एकदाही नेसली नाही. आमच्या मुलीच्या, सायलीच्या लग्नातसुद्धा नाही. दर सहा महिन्यांनी घडी बदलते, सावलीत वारा देते, आणि मला हात लावू देत नाही. काठाजवळ एका ठिकाणी जर काळी पडली आहे, माझ्या पाण्यात पडण्याची खूण, तिथे तर ती बोटाने किती वेळ चाचपत बसते. तीस वर्षं माझा कॉस्च्युम जपला बाईने. तोंडाने कधी बोलली नाही. मला भरून आलं.

१९ नोव्हेंबर, बुधवार
लिहायला हात उचलत नाही. तरी लिहितो.

तेजल आली. मला दोन प्रश्न विचारले. जुने फोटो आहेत का, आणि बाथरूम कुठे. मग तासभर हिच्यासमोर बसली. सोबत नजीर, माझ्याच घरात माझीच भाकरवडी खात.

तेजल म्हणाली, जुनी फिल्म सगळी नंतर डब केलेली आहे, फक्त किंकाळी जागेवरची आहे, कॅमेऱ्याच्या माइकवर आलेली. तिच्यामागे डिझेल इंजिनची फटफट आहे. तीच किंकाळी नव्याने, स्वच्छ हवी. त्याच बारवेवर. मी घसा खाकरून खुर्ची पुढे घेतली. तेवढ्यात तिने हिचे दोन्ही हात धरले. "काकू, तुम्ही एकदा पुन्हा माराल का?"

नजीरने सगळं सांगून टाकलं होतं. मी त्याच्याकडे पाहिलं तर म्हणाला, "नवनाथ, बुरा मत मान यार. आवाज तर वहिनींचाच होता ना."

हिने माझ्याकडे पाहिलं. मी कॅलेंडरकडे. माझ्या सेंडऑफला साहेबांच्या आग्रहास्तव मी किंकाळीचा किस्सा सांगितला तेव्हा ही पहिल्या रांगेत होती. व्याह्यांपुढे सांगितला तेव्हा ही पोहे वाढत होती. तीस वर्षं एक शब्द नाही. आणि आज एका चहात म्हणते, बघू, जमलं तर मारते.

नजीर दगाबाज आहेच. पण घरातून?

२० नोव्हेंबर
शांतपणे विचार केला. तांत्रिकदृष्ट्या गळा हिचा. मान्य. ही त्या दिवशी डबा घेऊन आली होती, वरच्या पायरीवर उभी होती. मी शेवाळावरून घसरलो, ते स्क्रिप्टमध्ये नव्हतं. तीस फूट पाणी. मला पोहता येत नाही. आणि हिने ती किंकाळी फोडली, लग्नाला पुरतं वर्षही झालं नव्हतं तेव्हा.

तर मुद्दा असा की किंकाळी कुणामुळे आली? माझ्यामुळे. बाई अशी किंकाळी आयुष्यात एकाच माणसासाठी मारते. लोकांना मी 'माझी' म्हणत आलो त्यात खोटं काय? होती ती माझीच. हे बाहेर कधी बोललो नाही, पण गेली तीस वर्षं, साहेबांनी झापलं, प्रमोशन हुकलं, व्याह्यांनी टोमणे मारले, की मी मनात ती किंकाळी ऐकतो. माझ्यासाठी कुणी असं ओरडलं होतं. ते कुठल्या रीमेकवाल्यांना देता येत नाही.

२१ नोव्हेंबर
हिच्याशी अबोला. सकाळी सात ते नऊ वाजून दहा मिनिटं. मोजे सापडत नव्हते.

२४ नोव्हेंबर
बाईचं काम मुंबईची नटी करणार आहे म्हणे, शिकलेली. मी तेजलला फोनवर सुचवलं की शेवटी त्याच बाईचं म्हातारपणीचं भूत दाखवावं. ती म्हणाली, काका, भुताचं वय वाढतं का? मी म्हणालो, माझ्याकडे बघ. हसली. 'गावकरी क्रमांक चार' देते म्हणाली, पाठमोरा. मी बाणेदारपणे नकार दिला.

संध्याकाळी होकार कळवला.

२७ नोव्हेंबर
महापालिकेच्या तलावात पोहायची बॅच लावली. प्रसंग सांगून येत नाही.

३० नोव्हेंबर
पाणी फार गार. पोहणं उन्हाळ्यात शिकावं.

४ डिसेंबर
ही रियाज करत नाही. एकदाही नाही. भाजी निवडते, मालिका बघते. विचारलं तर म्हणते तेव्हा कुठे केला होता. अतिआत्मविश्वास. मीही असा निर्धास्त बसलो असतो तर? रविवारी शूटिंगला बारवेवर सगळ्यांसमोर फजिती होणार, आणि मग कोणाकडे बघतील? मी तयारीत राहणार आहे. पूर्ण तयारीत.

७ डिसेंबर, रविवार. सायंकाळी ७
अंगाला शेवाळाचा वास येतो आहे. तरी घडलं तसं लिहितो.

सकाळी नऊला बारवेवर. सगळीकडे द्राक्षबागा झाल्या आहेत, बारव मात्र तशीच. हिला वरच्या पायरीवर उभं केलं, लांब काठीला लावलेला माइक डोक्यावर. पहिल्या वेळी ही जे ओरडली त्याने फार तर भाजीवाला थांबला असता. दुसऱ्या वेळी खोकला. तिसऱ्या वेळी हसूच आलं तिला. तेजलने तिला जवळ घेतलं, म्हणाली काकू, तेव्हाचं आठवा. ही म्हणाली आठवतंय गं, पण असं सांगून येत नाही.

हाच तो क्षण. कलेसाठी कुणीतरी पुढे व्हायला हवं होतं. मी गाडीमागे गेलो. पिशवीत पैठणी होती. काल ही देवळात गेली तेव्हा काढली होती. विचारलं असतं तर हिच्या चेहऱ्यावर आधीच दिसलं असतं आणि भावना खोटी झाली असती. दिग्दर्शनातलं हे नजीरलाही कळत नाही. साडी शर्टावरूनच नेसलो. कंबरेत पुरली नाही, दोरी बांधली.

दुसऱ्या बाजूच्या पायऱ्या उतरून पाण्याच्या काठाशी उभा राहिलो. वर हात करून हिला हाक मारली. म्हणायचं असं होतं की शकू, बघ, मी पुन्हा पडतो आहे. पण बोलायची वेळच आली नाही. शेवाळ तेच होतं.

पाणी अंगावर आलं आणि वरून ती आली. तीच. तीस वर्षांपूर्वीचीच किंकाळी, डिझेल इंजिनाशिवाय. बारवेच्या चारी भिंतींवरून फिरली. बागेतले मजूर कैच्या टाकून धावले. बुडतानाही माझ्या डोळ्यांत पाणी होतं, माझं स्वतःचं. मनात म्हटलं, अजून आहे. अजून माझ्यासाठी आहे.

मग पाय टेकले. पाण्याखाली पायरी होती. कमरेएवढं पाणी.

ही धावत खाली आली, चपला वरच टाकून. वाकली, हात पुढे केला. मी माझा हात वर केला. तिने पदर धरला. दोन्ही हातांनी गोळा करत, पाण्याबाहेर उचलत, पिळायचा नाही, पिळायचा नाही, असं स्वतःशीच बोलत राहिली. मला नजीरने ओढून काढलं.

वर सगळे टाळ्या वाजवत होते. तेजल रडत होती. तिने विचारलं, काकू, तेव्हाही असंच झालं होतं ना, काका बुडाले म्हणून? ही पदराचा ओला काठ बघत होती, जर काळी पडली होती तिथेच.

"ते कशाला बुडतात? तेव्हाही पाणी कमरेएवढंच होतं," ही म्हणाली. "दादांनी चार महिने मागावर बसून विणली होती. ती शेवटची. त्यानंतर त्यांची नजर गेली. मी तेव्हाही म्हटलं होतं, घेऊन जाऊ नका."

माइक चालूच होता.

८ डिसेंबर
पैठणी वाळते आहे. दोरीवर टाकायची नाही, चिमटे लावायचे नाहीत, ऊन लागू द्यायचं नाही. एका टोकाला ही, दुसऱ्या टोकाला मी, जिन्याच्या सावलीत. सकाळी दोन तास, दुपारी दोन तास. ही माझ्याशी बोलत नाही. हा खरा अबोला. मोजे कुठे आहेत हे मी आज स्वतः शोधलं.

साडी हातात धरून इतका वेळ प्रथमच पाहिली. पदरावर मोर आहेत. मी आजवर ते बदक समजत होतो.

तेजलचा मेसेज आला. पडद्यावर 'किंकाळी: शकुंतलाकाकू' असं स्वतंत्र नाव येणार. माझं आभारांच्या यादीत, मळेवाल्याच्या खाली. गावकरी क्रमांक चार कापला.

१० डिसेंबर, बुधवार
साडी वाळली. काळा डाग आता दोन ठिकाणी. हिने नव्या फडक्यात बांधली आणि कपाटाला कुलूप लावलं. किल्ली मंगळसूत्रात.

संध्याकाळी मी हिला चहा आणून दिला तेव्हा धीर करून विचारलं. म्हटलं, खरंच बुडालो असतो, तीस फूट पाण्यात, तर ओरडली असतीस का?

तिने कप खाली ठेवला. विचार केला. मग म्हणाली, अंगावर काय नेसलं आहे त्यावर आहे.

नोंद: उत्तर द्यायच्या आधी ती बराच वेळ थांबली होती. चहा निम्मा गार होईपर्यंत.