सत्तावीस सेंटिमीटर

पाविया,
१ मार्च १९६४

ती. ओरेस्ते मामांस,
शि. सा. न. वि. वि.

वाईट बातमी आधी सांगून टाकते. तोंडी परीक्षेत मी नापास झाले, आणि तेही मज्जासंस्थेवर. सरांनी विचारलं, गरम भांड्याला हात लागला तर तो मागे कोण ओढतं. मी मोठ्या तोऱ्यात म्हटलं, मेंदू. त्यांनी वही मिटली आणि जूनच्या शेवटी या म्हणाले. उत्तर होतं मज्जारज्जू, पाठीच्या कण्यातून जातो तो. भाजल्याची खबर मेंदूपर्यंत पोहोचायच्या आत तो परस्पर हुकूम देऊन मोकळा होतो. मेंदूला मागाहून कळतं, आणि तेव्हा कुठे आपण ओरडतो.

आता तुमच्या हाताचं. डॉक्टरांनी शीर शिवली म्हणून सांगितलं आणि पुढचं काहीच सांगितलं नाही, म्हणून मी सांगते. ही शीर म्हणजे हजारो बारीक तंतूंची जुडी. काही तंतू मेंदूचे हुकूम बोटांकडे नेतात, काही बोटांची खबर वर नेतात. जानेवारीत डेअरीच्या गोदामाची खिडकी पुसताना काच निसटली आणि मनगटाच्या वर ही जुडी कापली गेली. शिवल्याने ती लगेच जुळत नाही. कापल्या जागेच्या पुढचे तंतू मरतात, त्यांच्या रिकाम्या नळ्या तेवढ्या उरतात, आणि वरून नवे तंतू त्या नळ्यांत शिरून पुढे वाढतात. रोज साधारण एक मिलिमीटर. करंगळी आणि अनामिकेची अर्धी बाजू दुसऱ्या शिरेच्या वाट्याला येते, म्हणून ती शाबूत आहेत.

मागच्या आठवड्यात मी टेपने मोजलं होतं. व्रणापासून तर्जनीच्या टोकापर्यंत सत्तावीस सेंटिमीटर. वाढ सुरू झाली फेब्रुवारीच्या मध्यात. म्हणजे दोनशे सत्तर दिवस. कॅलेंडरवर मोजत गेले तर बोट आलं अकरा नोव्हेंबरवर, सान मार्तिनोच्या दिवशी. आपल्याकडे ज्या दिवशी लोक घरं आणि चाकऱ्या बदलतात, नेमक्या त्याच दिवसापर्यंत डेअरीचे अध्यक्ष दाल्लारी तुमची जागा राखणार आहेत. जमतंय, मामा. एक दिवस इकडे नाही की तिकडे नाही.

दर रविवारी व्रणापासून खाली बोटाने टकटक करत जा. जिथे ठोकल्यावर मेलेल्या बोटांत मुंग्या येतील, तिथवर शीर पोहोचली असं समजा. चीज ठोकून आतलं ओळखणाऱ्या तुम्हाला मी काय शिकवणार. व्रणापासून तिथवर दोरा धरून तेवढाच कापा आणि पत्रात घालून पाठवा.

कळावे. लोभ आहेच, तो मात्र मिलिमीटरने वाढू नये.
आपली नापास भाची,
नीव्हेस


कोर्तेव्हेक्या,
१५ मार्च

चि. नीव्हेस हिस अनेक आशीर्वाद.

अक्षर डाव्या हाताचं आहे. कोंबडीचे पाय वाटले तरी वाच.

मंगळवारी मी उजव्या हाताने कॉफीची किटली उचलली. आधी तुझी मामी किंचाळली, मग मला वास आला, आणि सगळ्यात शेवटी मी हाताकडे पाहिलं. दोन बोटांना फोड आलेत. तुझ्या त्या मज्जारज्जूने हूं की चूं केलं नाही, कारण त्याला खबरच गेली नाही. तेव्हा जूनमध्ये सरांनी पुन्हा विचारलं तर सांग, हात मागे मामी ओढते.

गुरुवारी दाल्लारींनी माझ्या डाव्या हातात हातोडी दिली. म्हणाले, ओरेस्ते, चीज ठोकून बघायचं तर काम कानाचं, आणि कान तर तुझे ठणठणीत आहेत. सगळं गाव हेच म्हणतं. पण आवाज कानाला येतो आणि हातोडीची उसळी बोटाला. चीजच्या गोल चाकाच्या पोटात पोकळी असली की हातोडी जरा आळसावून परत येते. कानाला शंका यायच्या आत बोटाला कळलेलं असतं. डाव्या हाताला यातलं ओ की ठो कळत नाही. वीस चाकं ठोकली आणि त्यातलं एक पोकळ चाक चांगलं म्हणून सोडून दिलं. सव्वीस वर्षांत पहिल्यांदा. सध्या माझ्या जागी एजिदिओ आहे. त्याने ते चाक मुकाट्याने बाजूला काढलं. त्याने शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

मला दुसरं काम येत नाही, आणि या वयात शिकायचंही नाही. सान मार्तिनोला मी हातोडी परत घेणार. सोबत दोरा आहे. बघ, चांगला बोटभर झाला.

आशीर्वाद आहेतच, पाठांतर तुझं तूच करायचं.
तुझा मामा


कोर्तेव्हेक्या,
१९ एप्रिल

चि. नीव्हेस, सुखी राहा.

तुझ्या मामांनी मला वेड लावायचं बाकी ठेवलंय. जेवताना टकटक, अंथरुणात टकटक. आज चर्चमध्येही सुरू झाले, तर पाद्रीबुवांनी मागे वळून पाहिलं. त्यांना वाटलं कुणी दार ठोकतंय.

तुला एक विचारायचं होतं. माझं माहेर लोदीचं. आमच्याकडे वासराच्या पायाच्या शिरा उकडून कांदा नि सिरका घालून खातात. शीर तुटलेल्याला शिराच खाऊ घालाव्यात या हिशेबाने मी पाच आठवडे त्यांना रोज तेच वाढते आहे. काल ते म्हणाले, आता मी हंबरणार. याने गुण येतो की नाही ते एकदा डॉक्टरीणबाई म्हणून लिहून पाठव, म्हणजे घरात शांतता होईल.

तब्येतीला जप आणि रात्री उपाशी झोपू नकोस.
तुझी इल्दे मामी


पाविया,
२६ एप्रिल

ती. मामा व मामी यांस,
शि. सा. न. वि. वि.

मामी, ताटातल्या शिरा म्हणजे स्नायू हाडाला बांधणारे दोर. खबर नेणारी शीर वेगळीच, मऊ आणि पांढरी. आपल्या बोलीत दोघींना एकच शब्द, त्याला तुम्ही काय करणार. मामांना आता भोपळ्याचं सारण भरलेले तोर्तेल्ली करून घाला. त्यानेही शीर वाढत नाही, पण माणूस हंबरत नाही.

मामा, एक गोष्ट आत्ताच सांगून ठेवते, म्हणजे पुढे घाबरणार नाही. नवे तंतू नेमके आपापल्याच नळीत शिरतील असं नाही. तर्जनीचा तंतू मधल्या बोटाच्या नळीत जाऊ शकतो. तेव्हा स्पर्श एका जागी होईल आणि मेंदूला वाटेल दुसऱ्याच जागी झाला. खबर खरी असेल, पत्ता तेवढा चुकीचा. मग मेंदूला नवे पत्ते शिकवावे लागतात. तो शिकतो, फक्त त्याची पाठ सोडायची नाही.

तुमचे सगळे दोरे मी टेबलाच्या काठाला टाचणीने लावून ठेवलेत. पाठांतराचा कंटाळा आला की तेच बघते.

लोभ असाच राहू दे, आणि चर्चमध्ये हात खिशात राहू दे.
नीव्हेस


कोर्तेव्हेक्या,
१४ जून

चि. नीव्हेस हिस अनेक आशीर्वाद.

इकडे सर्व उत्तम. हात झकास. शीर मनगट ओलांडून केव्हाच तळव्यात आली. आज लिहिण्यासारखं दुसरं काही नाही. गवताची दुसरी कापणी झाली, गाईंना दूध चांगलं आहे. तू फक्त परीक्षेचं बघ. दोरा सोबत आहे.

तुझा मामा


पाविया,
२ जुलै

ती. मामांस,
शि. सा. न. वि. वि.

पास झाले. तीसपैकी सत्तावीस. सरांनी तोच प्रश्न पुन्हा विचारला. मी मज्जारज्जू तर सांगितलाच, वर माझ्या मामांची किटलीही सांगितली. खालची शीर तुटलेली असेल तर शाबूत मज्जारज्जूही काही करू शकत नाही, हे मला तुमच्या दोन फोडांमुळे कळलं होतं. सर हसले.

कौतुक, मिठाई सगळं नंतर. आधी माझा राग ऐका. काल घरी येऊन मी सगळे दोरे एका रांगेत मांडले. मेच्या मध्यापर्यंत तुमची शीर एखाद्या आठवड्यात चार मिलिमीटर पुढे गेली, एखाद्यात दहा, आणि एकदा मुळीच हलली नाही. त्यानंतरचे सात दोरे मात्र बरोब्बर सात-सात मिलिमीटरने मोठे. जिन्याच्या पायऱ्या जशा. मामा, जगात कुणाचीही शीर इतकी आज्ञाधारक नसते. तुमची तर नाहीच नाही. हे दोरे तुम्ही हातावर मोजले नाहीत, मामीच्या पट्टीवर मोजलेत.

शीर कुठे अडली आहे ते मला उलट टपाली लिहा. खरं लिहा. खोट्या दोऱ्यांनी माझी परीक्षा पार पडली असेल, पण तुमचा हात त्याने बरा होणार नाही.

रागातही आपलीच,
नीव्हेस


कोर्तेव्हेक्या,
५ जुलै

चि. नीव्हेस, आशीर्वाद आणि शाबासकी.

पकडलंस. पट्टी मामीचीच होती.

शीर मनगटापाशी आली आणि तिथेच बसली. मेच्या मध्यापासून तसूभर हलली नाही. मी ठोकून ठोकून ती जागा काळीनिळी केली. डॉक्टर म्हणाले, काहींची इथवरच येते, आता जे आहे त्यात भागवा. तुला कळवलं असतं तर तू पुस्तक टाकून पहिली गाडी पकडून आली असतीस. आपल्या घरात आजवर कुणी डॉक्टर झालं नाही. माझ्या एका हातापायी तुझं ते राहून गेलं असतं, तर मला माझ्या दोन्ही हातांचा राग आला असता. म्हणून खोटं लिहिलं. लाज वाटते, पण पुन्हा वेळ आली तर पुन्हा लिहीन.

आता तुझी परीक्षा झाली. मी भागवून घेणारा माणूस नाही. तुझ्या सरांच्या ओळखीत हातांवर इलाज करणारा कुणी डॉक्टर असेल तर विचार. कापायचं असेल तर कापू दे. मी बॅग भरून ठेवली आहे. मामीने आत सहा अंडी उकडून घातली आहेत, तेव्हा उत्तर लवकर पाठव.

तुझा लबाड मामा


पाविया,
१८ ऑक्टोबर

ती. मामांस,
शि. सा. न. वि. वि.

परवाचा दोरा मिळाला. वेडावाकडा आहे, म्हणजे खरा आहे. जुलैत सरांच्या ओळखीच्या डॉक्टरांनी मनगटातला शिरेवरचा घट्ट पट्टा कापला हे किती बरं झालं. त्या चिंचोळ्या जागेत शीर दबून राहिली होती, मोकळी होताच चालू लागली.

पण हिशेब आता लपवण्यात अर्थ नाही, आपल्या दोघांत ते पुरे झालं. मधले दोन महिने गेले ते गेले. सान मार्तिनोला शीर फार तर तर्जनीच्या मुळाशी पोहोचेल. टोक तिथून साडेसहा सेंटिमीटर लांब असेल. ती पोहोचेल, याची मला खात्री आहे, पण जानेवारीत. मी दाल्लारींना पत्र लिहून दोन महिन्यांची मुदत मागू का? डॉक्टरांची सहीही आणते. तुम्ही नको म्हणाल हे मला माहीत आहे, तरी विचारते.

इतके महिने मी रोज एक मिलिमीटर म्हणत आले, आणि आता तोच मिलिमीटर मला फार हळू वाटतो. मला भीती वाटते मामा. तुम्ही हातोडीशिवाय कसे दिसाल, ते मला डोळ्यांपुढे आणता येत नाही.

लोभ असावा, आणि थोडी अक्कलही उसनी पाठवावी.
नीव्हेस


कोर्तेव्हेक्या,
१२ नोव्हेंबर

चि. नीव्हेस हिस अनेक आशीर्वाद.

ही पहिली ओळ उजव्या हाताने लिहिली आहे. बाकीचं पत्र डाव्या, कारण एका ओळीला पाव तास लागला.

मुदत मागू नको असं मी कळवलं होतं, त्यावर तू रुसून गप्प बसलीस. बरं केलंस. त्या तीन आठवड्यांत मी दुपारी गोदामात जाऊन बसायचो. शीर तर्जनीच्या मुळाशी येऊन उभी होती. तिला घाई करता येत नाही, हे तूच शिकवलंस. मग मी हातोडीकडे पाहिलं. सव्वीस वर्षं मी ती पुढे बोटांत धरत आलो. कुणी सांगितलंय बोटांतच धरायची म्हणून? शीर हातोडीपर्यंत येत नसेल तर हातोडी शिरेपर्यंत आणायची. दांडा आखूड केला. त्याचं शेपूट करंगळी नि अनामिकेत आवळलं आणि दांडा तर्जनीच्या मुळाशी टेकवला. करंगळी धरते, तळवा ऐकतो. पहिले आठ दिवस नुसत्या मुंग्या आल्या. नवव्या दिवशी त्या मुंग्यांत फरक कळायला लागला. कुठलं चाक भरलेलं, कुठलं आळशी.

तू म्हणाली होतीस तसंच झालं. ठोका बसतो तळव्यावर आणि जाणवतो मधल्या बोटाच्या टोकाला, जे बोट अजून मेलेलंच आहे. पहिल्यांदा मी ते बोट डाव्या हाताने चाचपून पाहिलं. मग म्हटलं, पत्ता चुकला तर चुकू दे, खबर तर येतेय ना.

काल दाल्लारींनी बारा चाकं मांडली. आधी एजिदिओने ठोकली, मग मी, आणि जिथे आमचं एकमत होणार नाही ते चाक सगळ्यांसमोर फोडायचं असं ठरलं. माझी धरायची तऱ्हा बघून मागे दोघं-तिघं हसले. दोन चाकं आम्ही दोघांनीही खराब सांगितली. नववं त्याने चांगलं म्हटलं. माझ्या कानालाही ते चांगलंच वाटलं. पण मेलेलं बोट म्हणालं, नाही. मी तीनदा ठोकलं आणि तीनदा ते नाहीच म्हणालं. दाल्लारींनी चाक फोडलं. सालीपासून चार बोटं आत, अक्रोडाएवढी पोकळी.

एजिदिओने स्वतः माझ्या खांद्यावर हातोडीची चामड्याची पिशवी अडकवली आणि म्हणाला, आता मला तरी झोप येईल, तुझी जागा सांभाळून माझा जीव अर्धा झाला. मामी दारात उभी राहून रडली आणि नंतर म्हणाली की कांद्याने डोळे झोंबले. काल घरात कांदा नव्हता.

सोबत दोरा आहे. मोजायला बसशील तर हिशेब लागणार नाही, म्हणून आधीच सांगतो. आजवरचे दोरे शीर किती चालली त्याचे होते. हा राहिलेल्या वाटेचा आहे, साडेसहा सेंटिमीटर, आणि या वेळी मामीच्या पट्टीवर नाही, माझ्या बोटावर मोजलाय. टेबलाला लाव आणि दर रविवारी सात मिलिमीटर कापत जा. मी इकडे चालतोच आहे.

तुझा मामा,
कोर्तेव्हेक्या डेअरीचा ठोक्या