दोरावरचा जामीनदार

मी, खाली सही करणारा, वय सव्वीस, धंदा उंच इमारतींच्या काचा बाहेरून पुसणे, सध्या मुक्काम परदेशातल्या कामगारांच्या खोलीतला दारालगतचा वरचा पलंग, हे मृत्युपत्र शुद्धीत राहून, स्वतःच्या हाताने आणि कुणाच्याही दडपणाशिवाय लिहितो. दडपणाशिवाय हे तितकंसं खरं नाही. धाकटी बहीण रोज फोन करून "लिहिलंस का, दाद्या?" असं विचारते. पण तिला दडपण म्हणायचं ठरलं तर मी जन्मभर दडपणाखालीच होतो असं लिहावं लागेल, म्हणून ते सोडून देतो.

तब्येत ठणठणीत आहे. मरायचा बेत नाही. कायद्याची वाक्यं शेजारच्या पलंगावरच्या क्रेनवाल्याने सांगितली आहेत. त्याने सख्ख्या भावाशी वाटणीवरून भांडत निम्मं तारुण्य कोर्टात काढलं, त्यामुळे त्याला ही भाषा तोंडपाठ आहे. मी सातवीत शाळा सोडलेला माणूस. जिथे वाक्य फार शहाणं वाटेल तिथे क्रेनवाला बोलतोय असं समजावं.

१. हे मृत्युपत्र करण्याचं कारण.

माझ्या बहिणीला आम्ही मुंगी म्हणतो, कारण अंगापेक्षा मोठी वस्तू ओढत नेणं हा तिचा लहानपणापासूनचा स्वभाव. ती पूल बांधायचं शिकली आहे, आणि आता जुने पूल पडायच्या आधी कसे ओळखायचे ते शिकायला तिला परदेशी जायचं आहे. म्हणजे वस्तू का पडतात ते ती शिकते आणि मी न पडण्याचा पगार घेतो. देशभरातून हजारो मुलं ज्या शिष्यवृत्तीसाठी बसतात, ती तिला मिळाली आहे. दोन वर्षांची फी, राहणं, विमानभाडं, सगळं मिळणार. अट एकच, शिकून परत यायचं आणि काही वर्षं देशात काम करायचं. ती आली नाही तर सगळा खर्च जामीनदाराने भरायचा. आणि फॉर्मवर जामीनदार म्हणून तिने माझं नाव टाकलं.

शिष्यवृत्ती कार्यालयातल्या बाईंशी तिचं जे बोलणं झालं ते तिने मला आवाज काढून ऐकवलं.

"जामीनदार काय करतात?"

"काचा पुसतात."

"कुठल्या?"

"चाळिसाव्या मजल्याच्या."

"आतून ना?"

"बाहेरून."

बाईंनी पेन खाली ठेवलं म्हणे.

"अगं, मग त्यांचं काही झालं तर आम्ही कुणाला धरायचं?"

"त्याला दोराने धरलेलं असतं, मॅडम."

मॅडम हसल्या, पण फाईल पुढे सरकवली नाही. त्यांचं म्हणणं असं की जामीनदार जोखमीच्या कामावर असेल तर त्याच्यामागे काय उरेल आणि ते कुणाचं, हे लेखी हवं. आणि बाँडवर सही करायला जामीनदाराने स्वतः समोर यावं. महिनाअखेरपर्यंत दोन्ही झालं नाही तर मुंगीची जागा प्रतीक्षा यादीतल्या पहिल्या मुलाला जाईल. तो मुलगाही हुशारच असणार, माझं त्याच्याशी वैर नाही. पण त्याला ती जागा मिळू नये एवढ्यासाठी हा कागद.

२. शिष्यवृत्ती मिळाली त्यात या खोलीचाही वाटा आहे, म्हणून त्याची नोंद करतो.

मुलाखतीच्या आधी महिनाभर आमच्याकडे रोज संध्याकाळी मुलाखत मंडळ बसायचं. फोन मधल्या स्टुलावर, स्पीकर चालू, पलीकडे मुंगी, आम्ही भोवती. वेल्डर अध्यक्ष, कारण त्याचा आवाज जाड.

"आपल्याला परदेशीच का जायचं आहे?" वेल्डर विचारायचा.

"तिकडे जुन्या पुलांच्या तपासणीची चांगली प्रयोगशाळा आहे..."

"मोठ्याने बोला. अंगात ताप असल्यासारखं बोलू नका."

मग मेसचा आचारी तोंड घालायचा. "जेवण आवडलं नाही तर काय करशील, बाळ?"

"काका, असलं नाही हो विचारत तिथे."

"पहिल्या महिन्यात माणूस पळून येतो तो जेवणापायीच. त्यांना हे माहीत नसेल तर त्यांची परीक्षाच कच्ची आहे."

आम्हाला एकच मुलाखत ठाऊक, मुकादमासमोरची. म्हणून आम्ही तिला तीच शिकवली. सुट्टीचं आपण होऊन विचारू नकोस. आधीच्या मुकादमाला नावं ठेवू नकोस. तळहात दाखव म्हणाले तर लगेच दाखव. खऱ्या मुलाखतीत एका प्राध्यापकांनी विचारलं, "अभ्यास फार जड गेला तर?" मुंगी पटकन बोलून गेली, "ओव्हरटाइम करीन, सर." तिथलं खरं मंडळ हसत सुटलं. वेल्डर आजही म्हणतो की निवड तिथेच झाली.

पण एका प्रश्नावर आमचं मंडळ मोडलं. "परत याल ना?" हा तो प्रश्न. या खोलीतला प्रत्येक जण दोन वर्षांसाठी आलेला आहे. खालच्या पलंगावरचे गवंडीकाका आले तेव्हा त्यांचा मुलगा रांगत होता, आता तो त्यांच्याहून उंच आहे. वेल्डर म्हणाला, "हो म्हणून टाक, सगळेच म्हणतात." त्या संध्याकाळी मंडळ तिथेच उठलं.

खऱ्या मुलाखतीत या प्रश्नाला ती काय म्हणाली ते नंतर कळलं. "माझा भाऊ दोन वर्षांनी येतो म्हणून गेला, त्याला सात झाली. म्हणून मी तारखेचं वचन देत नाही. पण आमच्या घराजवळच्या पुलाला एक भेग आहे. शाळेत असल्यापासून मी तिच्या टोकाला नेलपॉलिशची खूण करते आहे. ती दर वर्षी थोडी पुढे सरकते. मला परत येऊन ती कुठे थांबली ते बघायचं आहे."

मला आधी राग आला. चार परक्या माणसांसमोर माझा उल्लेख कशाला? मग बोटं मोजली तर सात वर्षं बरोबर भरली.

३. घर.

आमच्या दोन खोल्या. मागची आईच्या नावावर आहे, तिथे ती शिवणाचं मशीन चालवते. पुढची, रस्त्याकडे दार असलेली, बाबांनंतर माझ्या नावावर आली. ही पुढची खोली माझ्यामागे मुंगीची. बाँड संपेपर्यंत ती विकू नये, कारण बाईंना धरायला काहीतरी हवं. (बाई, ही खोली तुमच्यासाठी आहे. भिंतीला ओल नाही, दार जरा घासतं.)

ही खोली कोणत्याही परिस्थितीत थोरल्या काकांना जाऊ नये. थोरले काका म्हणजे निवृत्त मुख्याध्यापक, त्यांच्याच शाळेतून मी बाहेर पडलो. त्यांना पेन्शन आहे, शब्दाला वजन आहे, जामीनदार म्हणून अगदी शोभले असते. आई विचारायला गेली तर म्हणाले, "राहतो की. पोरगी आपलीच आहे. फक्त ती पुढची खोली तेवढी माझ्या नावावर करा." आई चहा न घेता उठली. माझ्या माहितीत आईने चहा सोडल्याची ही एकच वेळ.

तरी काकांशी माझं मूळ भांडण खोलीचं नाही. मी निघालो त्या दिवशी ते दारात उभे राहून सगळ्यांदेखत म्हणाले होते, "हा काही दोन वर्षांत यायचा नाही." आणि ते बरोबर निघाले. हे मी त्यांना अजून माफ केलेलं नाही. तरी पुढच्या खोलीतली वेताची खुर्ची काकांना देतो, रोज सकाळी तिच्यात बसून पेपर वाचायची त्यांना सवय आहे. खुर्ची त्यांची, खोली नाही. वाचून झाल्यावर खुर्ची घेऊन घरी जावं.

४. बँकेत जे काही साठलं आहे त्यावर पहिला हक्क शिष्यवृत्ती कार्यालयाचा, पण तो मुंगी परत आली नाही तरच. ती येणार आहे, तेव्हा हे सगळं आईचं. आईने त्यातून मशीनला मोटर बसवावी. पायाने चालवल्याशिवाय टाका सरळ येत नाही ही तिची सबब ऐकून घेऊ नये.

५. किरकोळ वस्तू.

काचेवरचं पाणी ओढायची रबरी पट्टी, पितळी मुठीची, माझी स्वतःची, ती माझ्या जोडीदाराला, म्हणजे शेजारच्या दोरावर लटकणाऱ्याला. तो अजून कंपनीच्या प्लॅस्टिकच्या मुठीवर आहे आणि माझ्या पट्टीकडे बघतो ते मला दिसतं. रेडिओ वेल्डरला. जाड बुडाची कढई आचाऱ्याला.

या कढईवरून इथे वाद झाला तो असा. क्रेनवाल्याने सांगितलं की जो साक्षीदार म्हणून सही करतो त्याला मृत्युपत्रातून काही मिळत नाही. हे ऐकल्याबरोबर आचाऱ्याला अचानक सही येईनाशी झाली. "माझा हात भाजलाय," म्हणाला. कुठे भाजलाय ते दाखवायला तयार नाही. शेवटी गवंडीकाका आणि क्रेनवाला साक्षीला राहिले. कढईवर डोळा क्रेनवाल्याचाही होता, पण कायदा आपणच सांगून आपणच अडकलो म्हणून तो काल माझ्याशी बोलत नव्हता.

दोर आणि कमरेचा पट्टा यांचं कलम शेवटी आहे.

६. माझ्यामागे माझ्याबद्दल काय बोलू नये.

मुंगीने अर्जासोबतच्या निबंधात लिहिलं आहे की भावाने माझ्या शिक्षणासाठी स्वतःचं शिक्षण सोडलं. हे बरोबर नाही. मी शाळा सोडली तेव्हा तिचे दुधाचे दात पडत होते, तिच्या शिक्षणाचा विषयच कुठे होता? वर्गाच्या खिडकीसमोर एक इमारत चढत होती, माणसं मालाच्या परातीवर परात झेलत होती आणि आत आम्ही पाढे म्हणत होतो. मला बाहेरचं बरं वाटलं, म्हणून गेलो. माझा पाय एका जागी ठरत नाही हे आईला मी चालायला लागलो तेव्हाच कळलं होतं. तेव्हा मी पडलोच, तर "पोराने बहिणीसाठी आयुष्य वेचलं" असं कुणी म्हणायचं नाही. मजेत होता म्हणावं. इथल्या एका विद्यापीठाच्या ग्रंथालयाच्या काचा माझ्याकडे आहेत. परीक्षेच्या दिवसांत आत डोकी पुस्तकांवर टेकलेली असतात, निम्मी पोरं झोपलेली. मी काचेवर टकटक करून उठवतो. ती दचकतात आणि बाहेर मला लटकलेला बघून पुन्हा दचकतात. मुंगी जिथे जाईल तिथेही कुणीतरी टकटक करणारा असला म्हणजे झालं.

७. या मृत्युपत्राप्रमाणे सगळी वाटणी करायला आई. ती कापड कापायच्या आधी दोनदा मापते, इथेही तसंच करील.

८. माझा जामीन.

परवा मी हे सगळं मुंगीला फोनवर वाचून दाखवलं. मला वाटलं खूश होईल.

"खोली नको मला, दाद्या," ती म्हणाली. "मी येईन याचा जामीन तू. तू येशील याचा जामीन कोण?"

"माझा काय संबंध? मला कुणी शिष्यवृत्ती दिली नाही."

"मग मीही घेत नाही. आईला एकटीला टाकून दोघांनीही बाहेर राहायचं, हे मला जमणार नाही. तू यायचं ठरव, मी जाते. नाहीतर ती जागा जाऊ दे त्या प्रतीक्षा यादीवाल्याला."

"अगं, वेडी आहेस का? देशातनं मोजक्या पोरांत नाव आलंय तुझं."

"तू सात वर्षं 'दोनच वर्षं' म्हणतोयस."

मागे आईचं मशीन चाललं होतं, ते थांबलं.

"मी आहे त्याची जामीन," आई म्हणाली. "लिही म्हणावं त्याला. आणि आवरा आता, गिऱ्हाईक दारात उभं आहे."

मशीन पुन्हा सुरू झालं. मी इकडे पेन हातात धरून बसलो होतो, वेल्डरनेही रेडिओ बारीक केला होता.

तर आईच्या सांगण्यावरून लिहितो की माझ्या परतीला जामीन आई आहे. मी आलो नाही तर तिच्याकडून वसूल करण्यासारखं काहीच नाही, म्हणून ही जामीनकी मोडायची सोय नाही. क्रेनवाला म्हणतो असं कलम कायद्यात बसत नाही. मी म्हटलं, बसत नसेल तर उभं राहील.

काल मुकादमाने दर वर्षीसारखा नवीन कराराचा कागद पुढे केला.

"सही कर."

"पेन नाही."

त्याने खिशातलं दिलं.

"चष्मा नाही."

"तू चष्मा कधी लावतोस?"

"म्हणूनच तर दिसत नाही."

त्याने कागद घडी करून खिशात घातला आणि म्हणाला, "घरी कुणी बोलावलंय वाटतं." मी पट्टा आवळला आणि कामावर चढलो.

९. दोर आणि पट्टा.

हे दोन्ही मी स्वतः विकत घेतले आहेत, कंपनीचे नाहीत. दोराचा पीळ शाबूत आहे, पट्ट्याच्या कड्या गेल्या महिन्यात बदलल्या. जोडीदाराने मागितले, नाही म्हणालो. क्रेनवाला म्हणतो की मृत्युपत्रात प्रत्येक वस्तू कुणाला तरी द्यावीच लागते. मी हे दोन्ही देत नाही.

मुंगी पुलाची भेग कठड्यावरून वाकून बघते. खूण करता येते ती वरच्या बाजूला. पण भेग कडेवरून खाली वळते आणि पुलाच्या पोटाशी कुठवर गेली आहे ते तिला कधीच दिसलेलं नाही, कारण तिथे पोचायला लटकावं लागतं. ती दोन वर्षं नसताना भेग काही थांबणार नाही, कुणीतरी खूण करायला हवी. नेलपॉलिशची बाटली मशीनच्या खणात आहे असं आई म्हणते.

म्हणून दोर आणि पट्टा या मृत्युपत्रातून वगळले आहेत. ते मला लागणार आहेत.

सही : मुंगीचा दाद्या, आईचा मुलगा

वरील माणसाने आमच्यासमोर सही केली. त्या वेळी तो शुद्धीत होता आणि नेहमीसारखा बडबडत होता.

साक्षीदार : गवंडीकाका, खालचा पलंग
साक्षीदार : क्रेनवाला, शेजारचा पलंग (कढईवरचा हक्क सोडून)

स्थळ : खोलीतलं मधलं स्टूल, फोन बाजूला ठेवून
दिनांक : सुट्टीचा शुक्रवार. माझं विमान मंगळवारी आहे, आणि इकडे परतायचं तिकीट काढलेलं नाही.