आयता भरलेला फॉर्म

३ मार्च

फॉर्म तयार! बेटावरच्या म्हाताऱ्यांनी आता फक्त नाव सांगायचं. जन्म, आईबाप, पत्ता, फोटोसुद्धा चर्चच्या नि नगरपालिकेच्या जुन्या दप्तरांतून आपोआप येतं. दोन हजार फोटो मी स्वतः स्कॅन केलेत. पंधरा तारखेला डोळ्यांच्या डॉक्टरांचं जहाज येतंय, मोतीबिंदूचे अर्ज याच फॉर्मवर. सगळे रकाने कुलूपबंद. लोकांना लिहायला दिलं की चुका करतात. पासवर्ड प्रांताच्या कचेरीत पाठवून दिला. मलाही मोह नको.

६ मार्च

पहिला अर्ज मुद्दाम सासूबाईंचा. ओतिलिया बार्रिया कार्कामो. एक बटण, चार सेकंद. बायको नोल्फा म्हणाली, काय भरलंय ते बघ तरी. म्हटलं, बघत बसायचं तर यंत्र कशाला हवं?

९ मार्च

यादी आली. एकशे बारा नावं. सासूबाई नाहीत. शेरा: अर्जदार मृत, १९४०. मी हे वाचत होतो तेव्हा अर्जदार समोर बसून मिल्काओच्या भाकऱ्यांसाठी बटाटे किसत होत्या, बोटांनी चाचपत. किरकोळ बाब आहे. उद्या होईल.

१० मार्च

उलगडा झाला. सासूबाईंच्या आधी एक मुलगी झाली होती. दीड वर्षाची होऊन गेली. तिचंच नाव पुढच्या मुलीला दिलं. इथे पूर्वी सगळेच देत. नाव तेच, बापाचं नि आईचं अशी दोन्ही आडनावं तीच, आईबाप तेच. म्हणजे फॉर्म चुकलेला नाही! घराण्याने नावात काटकसर केली, त्याला मी काय करणार? नोल्फाला हे समजावलं. म्हणाली, आधी आईला जिवंत कर, मग अक्कल पाजळ.

फोटोही त्या मुलीचाच लागलाय. पांढरा झगा, पाठीला कागदी पंख, खुर्चीत बसवलेलं गेलेलं लेकरू. तेव्हा गेलेल्या लेकरांना देवदूत करून तसे फोटो काढत. शेजारी वय ७८. दोन हजारांत एकेक कोण बघणार?

१२ मार्च

यादी उद्या पाचला बंद. दुरुस्तीचा अर्ज केला. तोही आपोआप भरला आणि आपोआप परत आला. मृत व्यक्तीस दुरुस्ती मागता येत नाही. अट माझीच. चांगली अट आहे खरं तर. कचेरीत अकरा वेळा फोन केला. रविवार.

१३ मार्च, दुपारी ४.४०

कचेरीतल्या बाई म्हणाल्या, पासवर्ड देऊ की, रीतसर अर्ज करा. मी विचारलं, कुठला अर्ज? अहो, दुरुस्तीचाच, तुम्हीच बनवलाय ना!

५.०५

यादी बंद. नोल्फाने माझा कप उचलून नेला. सासूबाई म्हणतात, जाऊ दे गं, मुद्दाम का केलंय त्याने?

१५ मार्च

तरी सासूबाईंना हाताला धरून धक्क्यावर नेलं. जिवंत माणूस समोर दिसल्यावर कोण नाही म्हणेल? नर्सने यादी दोनदा वाचली. मग सासूबाईंचा हात हातात घेऊन माफी मागितली. रांगेतले लोक माझे आभार मानत होते, फॉर्म किती सोपा केलास म्हणून. पुढचं जहाज दोन वर्षांनी. तोवर उरलीसुरली नजरही जाईल, असं नर्स मला बाजूला घेऊन म्हणाली.

येताना सासूबाईंनी विचारलं, जावईबापू, त्या फोटोत माझी ताई कशी दिसते हो? मी कधी पाहिलीच नाही. मी झगा सांगितला, पंख सांगितले. आणि चेहरा? चेहरा मी बघितलाच नव्हता. फार लाज वाटली.

१६ मार्च

पुढच्या जहाजाचा अर्ज आजच भरायला घेतला. कागदावर, पेनने, एकेक रकाना सासूबाईंना विचारून. जन्मतारीख विचारली.

बारा मार्च, म्हणाल्या.

म्हणजे वाढदिवस गेल्या रविवारी होऊन गेला. सगळे घरातच होतो.