वहिनी, बंदूक सुधारून घेऊ का?

चिबा, नोव्हेंबरचा पहिला आठवडा

वयाने धाकट्या परंतु मानाने थोरल्या नात्सुयोवहिनींच्या चरणी शिझुएचा वाकून नमस्कार.

विद्यापीठाच्या आवारातील गिंकोचे वृक्ष पिवळे झाले असून त्यांच्या फळांच्या दुर्गंधीने तत्त्वज्ञान विभागाच्या खिडक्या बंद ठेवाव्या लागतात. ऋतूविषयी एवढे पुरे. माझी प्रकृती उजवा गुडघा वगळता उत्तम आहे (गुडघ्याचे कारण यथावकाश येईल). आपण पाठवलेली युझू लिंबांची पेटी पोचली. फळांना धक्का लागू नये म्हणून मध्ये दादाचे लोकरीचे मोजे कोंबण्याची कल्पना आपलीच असणार. मोजे धुऊन ठेवले आहेत, आणि युझूला लोकरीचा वास येतो हे नवे ज्ञान झाले. तिकडच्या बेटावर, कोचीत, दादाच्या बदलीची मुदत आणखी वाढली आणि आता तो तिथेच घर घेण्याचा विचार करतो आहे, हे वाचले. समुद्र, ताजा मासा, उबदार हिवाळा. माणसाला आणखी काय हवे असते! त्याच पत्रात आपण लिहिता, “वन्सं, माझी बंदूक तुमच्या कपाटात उगाच अडगळ झाली असेल, कुणाला तरी देऊन टाका.” या विषयाकडे मी क्रमाने येईन. आधी माझ्या बंदुकीचा प्रश्न, कारण तो निकडीचा आहे.

प्रश्न असा. आपण दोघींनी एकाच दिवशी, एकाच दुकानातून घेतलेली ती प्लॅस्टिकचे छर्रे उडवणारी बंदूक मी आजवर खोक्यातून निघाली तशीच वापरत आले. आता तिच्यात नवी नळी, नवी स्प्रिंग आणि नवे रबर घालून तिचा पल्ला वाढवावा काय? (तर्कशास्त्र शिकवण्यात जन्म गेलेल्या बाईला हा प्रश्न पडावा, हे मला शोभत नाही, हे मी जाणते. पण या खेळात मला ओढले कोणी? “वन्सं, त्या पुस्तकांना बुरशी लागेल आणि तुम्हालाही, उठा!” असे दारात उभे राहून ओरडणारी व्यक्ती मी नव्हते.) आपण गेल्यापासून याचिमाताच्या रानात माझा एकही छर्रा कोणाला लागलेला नाही. एकही नाही. छर्रा लागला की ज्याने त्याने स्वतःच “लागली!” असे ओरडून हात वर करून बाहेर जायचे, असा आपला प्रामाणिक खेळ, पण लागलाच नाही, तर प्रामाणिकपणा तरी दाखवणार कशावर? दाताचे डॉक्टर ताकिगुची, ज्यांचा आवाज दवाखान्यात मधासारखा आणि रानात असह्य असतो, देवदाराच्या आडून माझे छर्रे वाटेतच जमिनीवर पडताना पाहतात आणि मला प्राध्यापिकेचा मान देत म्हणतात, “सेन्सेई, तुमचे छर्रे आमच्यापर्यंत येता येता दमतात हो! त्यांना मध्ये कुठे चहा तरी पाजा!” मंडळी हसतात. विनोद सुमार होता, हे मी तिथल्या तिथे सांगितले.

म्हणून मी ओबिनातांच्या दुकानात गेले. आपल्याला ते आठवत असतील: प्रत्येक गिऱ्हाइकाला काहीतरी आणखी हवे आहे, अशी ठाम श्रद्धा असलेले गृहस्थ. ते म्हणाले, नळी बदला. मी नळी निवडली. मग म्हणाले, नळी बदलली तर रबर बदलावेच लागेल. रबर बदलले तर स्प्रिंग. स्प्रिंग बदलली तर आतले दातेरी चाक. आणि हे सारे केल्यावर जोर कायद्याने ठरवलेल्या मर्यादेबाहेर जाऊ नये म्हणून पुन्हा थोडी हलकी स्प्रिंग. मी विचारले, “म्हणजे शेवटी आहे तिथेच यायचे?” ते म्हणाले, “तिथेच, पण चांगल्या भागांनी!” इतक्या चक्राकार युक्तिवादाबद्दल मी पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यालाही नापास केले असते. भाग मात्र घेतले.

आता आपल्या बंदुकीविषयी. ती द्यायला मी मनापासून प्रयत्न केला. बँकेतील साकाकीबाईंना बोलावले. त्यांनी ती एखाद्या छत्रीसारखी धरली. चहा पाजून परत पाठवले. त्यांची एक शेजारीण आली, तिने “या रंगात दुसरी नाही का?” असे विचारले. तिला चहासुद्धा दिला नाही. योग्य उमेदवार मिळेपर्यंत बंदूक कपाटातच राहील. (मी ती दर रविवारी पुसते. धूळ ही धूळ असते; तिचा मालकीशी संबंध नाही.)

साकाकीबाईंना खेळात मात्र मी जोडीला घेतले, कारण जोडीशिवाय बाजू उघडी पडते. त्या माझे सारे ऐकतात. थांबा म्हटले की थांबतात, वाका म्हटले की वाकतात, बोलू नका म्हटले की दुपारच्या करी-भातापर्यंत बोलत नाहीत. दोन वर्षे मी आपल्याला ज्या ज्या गोष्टीसाठी रागावले, ती ती गोष्ट ही बाई बिनचूक करते. परिणामी आम्ही दोघी एका झुडपामागे अत्यंत शिस्तीत बसून राहतो आणि कोणी आमच्याकडे फिरकतही नाही.

गेल्या रविवारी जेवणाच्या सुट्टीत मी नेमबाजीच्या सरावाच्या जागेवर गेले. तीस मीटरवरच्या पत्र्यावर माझी तीच जुनी बंदूक चालवली, आणि पत्रा प्रत्येक वेळी टण्णकन वाजला. म्हणजे बंदुकीत काहीही बिघडलेले नव्हते. तेव्हा लक्षात आले की पूर्वी मी ज्यांना ज्यांना बाद केले, ते सारे माझ्यापासून वीस-पंचवीस मीटरवरच होते. आणि तिथे ते माझ्यासाठी आलेले नव्हते. मी आखलेली योजना मोडून आपण “आली रे आली, कुरामोचींची सून आली!” अशी आरोळी ठोकत मधोमध धावत सुटायच्या. मोह न आवरल्याने मंडळी आडोशातून बाहेर यायची. मी फक्त चाप ओढायचे, आणि संध्याकाळी आपल्याला बेशिस्तीबद्दल व्याख्यान द्यायचे. आपण गाडीत उकडलेल्या शेंगा खात, “हो वन्सं, चुकलंच वन्सं” म्हणत ते ऐकायच्या.

निष्कर्ष निघाला की त्याची चाचणी घ्यावी, ही माझी शिस्त. दुपारच्या डावात मी साकाकीबाईंना झुडपामागे ठेवले आणि स्वतः धावत सुटले. आरोळी ठोकणे आवश्यक होते. तोंड उघडले, आणि वहिनी, काय सांगू, घराण्याचे आणि शिक्षणाचे संस्कार असे की माझ्या तोंडून पूर्ण ताकदीने निघाले, “क्षमा करा! फार फार क्षमा करा!” पंचांनी शिट्टी वाजवून डाव थांबवला. दोन्ही बाजूंनी लोक धावत आले. त्या गोंधळात मी मुळाला अडखळले (गुडघा). ताकिगुची औषधाची पेटी घेऊन सर्वांत पुढे.

“सेन्सेई, कुठे लागलं?”

“कुठेही नाही. मी हल्ला करते आहे.”

“मग एवढ्या मोठ्याने माफी कशाला मागताय?”

मी गुडघ्यावरची माती झटकली. ते गुडघ्याला पट्टी बांधता बांधता एकदम मधासारख्या आवाजात म्हणाले, “नात्सुयोबाई नाहीत तर मजा नाही हो. आम्हीसुद्धा उगाच झाडामागे बसून असतो.” दाताच्या डॉक्टरकडून इतके नेमके विधान मी अपेक्षिले नव्हते.

तेव्हा बंदूक सुधारावी की नाही, याबाबत आपले मत सविस्तर कळवावे. दादाला नमस्कार. घर घ्यायचे असल्यास जरूर घ्यावे. घाई मात्र करू नये, भिंतींतली ओल पावसाळ्याशिवाय कळत नाही, आणि एका पावसाळ्यात तर नीट कळतच नाही.

आपली आज्ञाधारक नणंद,
शिझुए

ता. क. बंदुकीची आतली पेटी बंद करताना एकाने स्प्रिंग दाबून धरावी लागते आणि दुसऱ्याने झाकण बसवावे लागते, असे ओबिनाता सांगतात. साकाकीबाई धरतील, पण त्या मी सोडा म्हणेपर्यंत सोडणार नाहीत, आणि मला ते सोसवणार नाही.

ता. क. २. सगळे भाग कालच परत करून आले. वरील अडचण त्यामुळे रद्द समजावी. आपण यावे ही विनंती रद्द समजू नये. (वर ती नसल्यास चूक माझी.)

ता. क. ३. पट्टी बांधून झाल्यावर ताकिगुचींनी विचारले, “त्या येणार कधी?” मी म्हणाले, “नोव्हेंबरच्या शेवटच्या रविवारी.” पंचांसकट सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मी आयुष्यात खोटे बोललेले नाही, हे रानात सर्वांना ठाऊक आहे, म्हणून कोणी पुन्हा विचारलेही नाही. आता ते खरे आहे की नाही, हे फक्त आपल्यालाच ठरवता येईल, वहिनी.