पुण्याला गेलेली वाटी

१४ सप्टेंबर, रविवार
लाईट तीनदा गेली. गिरणी बंद-चालू, बंद-चालू. डोकं फिरलं.
पण आजची खरी गोष्ट वेगळी. पोळ्यापासून सुभद्राकाकूंचं दळण आलेलं नाही. गिरणीवाल्याला सगळं कळतं. कुणाकडे पाहुणे आलेत, कुणाची सून माहेरी गेली, कुणाला डॉक्टरनं गहू बंद केला, सगळं त्या पिठाच्या डब्यावरून कळतं. काकूंचा डबाच नाही म्हणजे काय?
दुपारी गेलो. काकूंची चूल गार. ओट्यावर चहाचं पातेलं अन् बिस्किटाचा पुडा. म्हणाल्या, "एकटीसाठी काय भाकर थापाची, बबन."
मग हळूच दुसरं सांगितलं. मागे नळावर चक्कर आली होती, ते कुणीतरी पुण्याला कळवलं. लेकाचा, अनिलचा फोन आला. दिवाळीला गाडी घेऊन येतो, घराला कुलूप लावू, तू कायमची इकडे चल. काकू एकदा जाऊन आल्यात. चौथा मजला, दारं बंद. "लेक चांगला हाय माहा. पण तिकडं मी हाक कोणाले मारू?" असं म्हणून पदरानं ओटा पुसत बसल्या. तो स्वच्छच होता.
वाईट वाटलं. रागही आला, कोणावर ते कळेना.

१५ सप्टेंबर
समोरच्या रशीदभाईंना बोललो. गादी शिवत होते, दोरा दातात. म्हणाले, त्यांच्या मावशीचं, जुबेदाखालाचंही तेच. लेकी दिल्या घरी गेल्या, म्हातारी चहावर दिवस काढते. देवमनबाबाचंही तसंच असणार, त्यांची तर बायकोही गेली. आमच्या गावात, देऊळघाटात, असे किती निघतील देव जाणे.
ठरवलं. आपण काहीतरी करायचं. अनिल येईल तेव्हा त्याला दिसलं पाहिजे की काकू इथे नीट जेवतात, नीट राहतात. नाहीतर गेल्या त्या.

१७ सप्टेंबर, बुध.
गिरणीत सभा. सौ.च्या बचत गटाच्या बायका, रशीदभाई, शाळेतले दोन मास्तर. पोत्यांवर बसले सगळे. मी भाषण केलं. चांगलं झालं. रोज पाळीनं एकेका घरानं एकेका म्हाताऱ्याला डबा द्यायचा. सगळे हो म्हणाले, टाळ्यासुद्धा पडल्या.
भांड्यांचा घोळ नको म्हणून मीच डोकं लढवलं. बुलढाण्याहून फेकायचे प्लास्टिकचे डबे आणले, झाकणासकट. धुणं नाही, परत करणं नाही, शोधाशोध नाही. सौ. ते डबे बघून काही बोलली नाही. ती बोलत नाही तेव्हा मला सावध व्हायला पाहिजे, पण होत नाही.

१८ सप्टेंबर
पहिला दिवस. थाटात. मास्तरांनी फोटो काढले, गावाच्या ग्रुपवर टाकले. खाली नुसते हात जोडलेले. छान वाटलं, खोटं कशाला लिहू.

२० सप्टेंबर, शनि.
सत्यानाश.
देवमनबाबांनी दार उघडलंच नाही. आतून म्हणाले, "पितरं चालू हायेत, अन् तू माह्या दारात पान ठेवून राह्यला? मी आखीन जित्ता हाय, बबन."
पितृपक्ष. माझ्या टाळक्यात आलंच नाही. सभेतल्या कुणाच्याच आलं नाही! सगळ्यांच्या घरी श्राद्धं चाललीत, अन् आम्ही म्हाताऱ्यांच्या उंबऱ्यावर जेवण ठेवत सुटलो.
रशीदभाई हसून हसून कापसाच्या ढिगात पडले. पण त्यांच्याकडेही तेच. खालानं डबा उघडलाही नाही. ती काय पितृपक्ष पाळते? म्हणजे भानगड दुसरीच आहे.
संध्याकाळी काकूंकडे. डबा कुत्र्यापुढे. मी चिडलो. म्हटलं, काकू, लोक जीव लावून करतात अन् तुम्ही असं? त्या शांतपणे म्हणाल्या, "चिडू नको. मले सांग, ह्याच्यात मी परत काय देऊ? हे तं फेकाचं भांडं हाय."
 घरी आलो.

२१ सप्टेंबर
सौ.ला सांगितलं. ती म्हणे, "डबा अन् वानोळा एक असते का?"
खरंच की. आमच्या आईच्या वेळी शेजारून काही आलं, तर ते भांडं कधी रिकामं परत गेलं नाही. घरात काही नसलं तर चिमूटभर साखर, कढीपत्त्याची काडी. पण रिकामं नाही. शेतातलं, घरातलं थोडं आपल्या माणसाला पाठवायचं तो वानोळा. तो घेणाऱ्याची मान खाली जात नाही, कारण भांडं परत जाताना त्याचाही वानोळा जातो. मी फेकायचा डबा देऊन परत करायची वाटच बंद केली. म्हणजे भीकच झाली ती. वर फोटो.
उरलेले डबे सौ.नं खिळे-स्क्रू ठेवायला माझ्याकडे दिले. देताना हसत होती. हसू दे.

२४ सप्टेंबर
परवा घट बसले. आता मुहूर्ताला नाव ठेवायला जागा नाही.
सौ.नं वरच्या फळीवरून आईची वाटी काढली. स्टीलची, चांगली मोठी, बुडाशी आईचं नाव टाकलेलं, 'पार्वताबाई'. तिच्यात अंबाडीची भाजी, वर झाकण. मला पढवून पाठवलं. काकूंना म्हटलं, "सौ.नं वानोळा धाडला. वाटी लौकर द्या बरं, घरात लागते."
काकूंनी वाटी दोन्ही हातांनी घेतली. बूड उलटं करून नाव बघितलं. "पार्वताची हाय," म्हणाल्या, अन् आत नेली.

२५ सप्टेंबर
गिरणी ऐन भरात, पट्टा फडफडतोय, अन् दारात सुभद्राकाकू. काठी टेकत स्वतः आल्या. पोळ्यानंतर पहिल्यांदा इकडे. वाटीत परसातली लिंबं. सौ.शी बराच वेळ बसल्या, चहा झाला, कुणाच्या कुठल्या सुनेवरून हसणं झालं. मला दळण सोडून ऐकता येईना, त्याचा राग आला.
जाताना म्हणाल्या, अंबाडीला डाळ कमी पडली. मी म्हटलं, चला, सुधारल्या.

२ ऑक्टोबर, दसरा
गावात वाट्याच वाट्या. बचत गटानं मनावर घेतलं की मग आपण बाजूला व्हायचं. पाळी-बिळी काही नाही आता. जिच्या घरी जे होतं ते ती पाठवते.
देवमनबाबांना स्वयंपाक येत नाही. त्यांचं भांडं परत कसं येणार ही सगळ्यांना काळजी. बाबांनी वाटीत साखर घालून पाठवली अन् निरोप दिला की भाजीत मीठ जास्त झालं होतं, ही त्याची भरपाई. ज्या घरची भाजी होती त्या वहिनी आधी फुगल्या, मग हसल्या. सोनं द्यायला सगळे आज बाबांकडे गेले. खाटेवर जागा पुरेना.

७ ऑक्टोबर
वाट्यांचा घोळ! रशीदभाईंची वाटी देवमनबाबांकडे, बाबांचं झाकण आमच्याकडे, आमची चाळणी (चाळणी कोणी का पाठवली?) खालाकडे. खाला शेवया घालून वाट्या परत धाडते, तेव्हा सगळ्यांना आपापली भांडी तिच्याकडेच जावीत असं वाटतं. काकूंसाठी तिनं कोरी वाटी काढली, "उनके घर में लसून भी नहीं चलता," म्हणे. काकूंना हे सांगितलं तर त्या खालाकडे जाऊन बसल्या. आता रोज बसतात. दोघी कमी ऐकतात, त्यामुळे ओरडून बोलतात. अर्ध्या गावाला सगळं कळतं.
ज्या घोळाला घाबरून मी ते डबे आणले होते, तो घोळ असा असतो होय!

१३ ऑक्टोबर, सोम.
काकूंचं दळण आलं!!
साधं नाही, चकलीची भाजणी. भाजून, गार करून, डब्यात भरून. एका माणसाची नाही, घरभर माणसांची भाजणी. आधीचं पीठ गिरणीत राहू नये म्हणून मी जातं पुसून घेतलं, असं मी कलेक्टरसाठीही करणार नाही. "काऊन हो एवढी?" विचारलं. म्हणे, "सगळ्याईच्या वाट्या पडल्या हायेत घरात. रिकाम्या धाडू का?"
दिवसभर गिरणीत भाजणीचा वास. मी उगाचच सगळ्यांशी गोड बोललो. लोकांना संशय आला.

१८ ऑक्टोबर, धनत्रयोदशी
अनिल आला. गाडी काकूंच्या दारात उभी. बारीक झालाय, केस गेलेत. मुलगा वाईट नाही, हे लिहून ठेवतो, कारण भेटायच्या आधी मी मनात त्याला बरंच बोललो होतो. बायको-पोरगी पुण्यातच, पोरीची परीक्षा.
 काकूंना न्यायचं काय ठरलं, ते मी विचारलं नाही. 

२२ ऑक्टोबर, पाडवा
अनिल गिरणीवर आला. पोत्यावर बसला. म्हणाला, आईच्या स्वयंपाकघरात दुसऱ्यांच्याच नावाच्या वाट्या आहेत. तिला कोण जेवायला घालतं?
"कोणी नाही," म्हटलं, "तीच घालते. माझ्या घरच्या चकल्या तिच्या हातच्या आहेत."
तो हसला. मग म्हणाला, "बबनकाका, पण परत चक्कर आली तर? मी तिथून पोचेपर्यंत?"
 भाषण करायची सवय असूनही मी पोत्याची सुतळी सोडायला लागलो. रशीदभाई समोरून उठून आले. म्हणाले, सकाळी वाटी फिरली नाही तर गल्लीला कळतं, कोणीतरी जाऊन दार वाजवतं. आम्ही एवढं करू शकतो. बाकी अल्लाच्या हातात, ते पुण्यातही त्याच्याच हातात आहे.
अनिल पँटचं पीठ झटकत उठला. हो म्हणाला नाही, नाहीही म्हणाला नाही.

२४ ऑक्टोबर
काकूंच्या ओसरीत बॅग भरून ठेवलेली दिसली. कोणाची ते कळेना. विचारायची हिंमत झाली नाही. सौ. देवापुढे जरा जास्तच बसली.

२६ ऑक्टोबर, रवि.
सकाळी गाडी निघायला तयार. गल्ली सगळी बाहेर. खाला, देवमनबाबा, सगळे. 
काकू दाराबाहेर आल्या. अंगावर घरातलंच लुगडं, पायात काही नाही. तेव्हा कळलं, बॅग अनिलचीच होती. माझ्या डोळ्यात पाणी आलं, पीठ गेलं म्हणून चोळले.
अनिल म्हणाला, संक्रांतीपर्यंत राहू दे तिला, मग बघू. थंडीचं काय होतं ते बघून ठरवू. म्हणजे अजून काही ठरलेलं नाही. पण आज तरी त्या इथं आहेत.
तो गाडीत बसताना काकूंनी खिडकीतून एक वाटी आत दिली. झाकण लावलेली, वर फडकं बांधलेलं. आत बेसनाचे लाडू, पोरीसाठी. म्हणाल्या, "वाटी आणून दे बाप्पा. अन् रिकामी आणू नको."
अनिल म्हणाला, "हाव." इतक्या वर्षांत त्याच्या तोंडून होऐवजी गावाकडचं हाव ऐकलं नव्हतं.
गाडी वळल्यावर सौ.नं मला कोपरानं ढोसलं. म्हणे, बघितली का, ती आपली होती. पार्वताबाईंची.
आमच्या आईची वाटी पुण्याला गेली! काकूंनी मुद्दाम तीच दिली की हाताला लागली म्हणून, देव जाणे. विचारलं तर म्हणतात, ऐकू नाही आलं. खालाशी बोलताना बरं ऐकू येतं.
आई कधी बुलढाण्याच्या पलीकडे गेली नव्हती.
वाटी रिकामी परत आणायची नाही, हे अनिलला माहीत आहे. त्याच्या बायकोनं लाडू संपल्यावर वाटी धुऊन नुसती फळीवर ठेवली नाही म्हणजे मिळवली.