पस्तीस मिनिटांची घंटा

गंगापूर रोड, नाशिक
मंगळवार

तीर्थरूप वत्सलावन्सं यांस,

साष्टांग नमस्कार (गुडघ्यांमुळे उभ्यानेच घातला आहे, तरी पूर्ण धरावा). तुमची शुगर आवरली का? मनमाडला पाणी हल्ली कितव्या दिवशी येतं? इथे सारे खुशाल आहेत, मी सोडून.

रोहित आणि सूनबाई दोघंही घरून नोकरी करतात. हॉलमध्ये तो, स्वयंपाकघरात ती. अकरा ते पाच मी कुकर लावायचा नाही, खोकायचं नाही, कॅमेऱ्यासमोरून जायचं नाही (मागे एकदा टॉवेल वाळत घालताना बंगळूरच्या आठ जणांना दिसले; एकाने नमस्कार केला, या घरात तेवढाच). म्हणून आमच्या शाळेतल्या आम्ही चौघी निवृत्त शिक्षिका रोज कॉलेज रोडवरच्या बर्गरच्या दुकानात बसायचो. एसी, स्वच्छ बाथरूम, आणि चौघींत फ्रेंच फ्राइजची एक पुडी. घास बत्तीस वेळा चावावा, असं कॉन्व्हेंटात सिस्टरांनी मला शिकवलं होतं. तीन तास सहज निघत.

मालक प्रफुल्ल, माझाच विद्यार्थी. आठवी ब, मागचा बाक. त्याने आधी गादीच्या खुर्च्या काढून लोखंडी आणल्या. आमच्यातल्या दीपमालाने घरून उशी आणली. मग पाटी लावली की पस्तीस मिनिटांहून जास्त बसू नये. मी त्याला बजावलं, खाणं संपेपर्यंत खुर्ची गिऱ्हाइकाची, आणि माझा एक फ्राय अजून शिल्लक आहे (तो आम्ही मुद्दामच ठेवायचो).

गेल्या सोमवारी त्याने गल्ल्याजवळ पितळी घंटा टांगली. वन्सं, सांगायला लाज वाटते. टोला पडला आणि आम्ही चौघी उठलो. पर्स काखेत, चष्मा डब्यात, थेट दाराबाहेर. एकतीस वर्षं टोल्यावर उठलेले पाय. चूक रस्त्यावर आल्यावर कळली. दुसऱ्या दिवशी कानात कापूस घालून बसलो. दीपमालाचा कापूस पडला, ती उठली, तिला पाहून आम्ही.

मी परत आत गेले आणि गिऱ्हाइकांच्या हक्कांवर चांगलं सुनावलं. हात मागे बांधून त्याने सगळं ऐकलं. मग म्हणाला, "बाई, तुम्हीच सांगायचात. घंटा झाली की बाक पुढच्या वर्गाचा." मागे पाहिलं तर एक बाई कडेवर मूल, हातात ट्रे घेऊन उभी होती. आमच्याच टेबलाकडे बघत. किती वेळची, कोण जाणे. खुर्चीवर राहिलेली दीपमालाची उशी मी उचलली आणि बाहेर आले.

तेव्हापासून आम्ही पांगलो. मी बँकेत टोकन घेऊन बसते. नंबर आला की दुसरं घेते. काल शिपायाने ओळखलं.

आपली,
योगिनी

ता. क. तुमची मागची खोली रिकामीच असते ना? थोडे दिवस येऊ का? मागे तुम्ही आमच्याकडे आलात तेव्हा मी दारातच परतीच्या गाडीची वेळ विचारली होती, ते एव्हाना आपण विसरला असाल.

ता. क. २. विसरला नसाल तरी हरकत नाही. मी जावं असं वाटलं की तोंडाने सांगू नका, देवघरातली घंटा वाजवा. मी उठेन. फक्त आरती तेवढी टाळ्यांवर करावी.