गोधडीचं दुसरं टोक

शैलाताई,

तुम्हाला पत्र लिहितेय हे घरात कळलं, तर म्हणतील धाकट्या जावेचं डोकं फिरलं. गेलेल्या माणसाला कुणी पत्र लिहितं का?

परवा घट बसणार, म्हणून आज गोधड्या धुवायला गोदावरीवर गेले होते. सूनबाई म्हणाली, "आई, लाँड्रीत देऊ ना, एकट्या कशाला जाता?" मी ऐकलं नाही. आपलं बोलणं बंद होतं त्या वर्षांतही नवरात्राआधी आपण दोघी बरोबरच जायचो, कारण भिजलेली गोधडी एकटीच्याने पिळली जात नाही. एक टोक तुमच्याकडे, दुसरं माझ्याकडे. माना खाली घालून पीळ द्यायचो. तुम्ही हिसका दिलात की कळायचं, आज राग आहे. हळूच सैल सोडलंत की कळायचं, माझा हात दुखतोय हे तुम्हाला समजलंय. तोंडाने माघार घ्यायची नाही, यात मात्र आपण सख्ख्या बहिणी.

आज तुमचं टोक घाटाच्या रेलिंगला बांधलं. किती पिळलं तरी गाठच सुटायची, पाणी काही निघेना. शेवटी वैतागून म्हणाले, "ताई, धरा की!"

तिकडून उलटा पीळ बसला. पाणी धो धो गळलं. मग माझा हात दुखायला लागला, तशी गोधडी हळूच सैल झाली.

मी मान वर केली नाही. बघितलं असतं, तर तुम्ही सोडली असतीत.

तुमची जाऊ,
सिंधू